नवीन बॅटरी टाकूनही स्कूटर सकाळी सेल्फ घेईना, चार्जिंग होत नाही का? घरी कसं तपासायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की २०१८ ची कार्बोरेटरवाली ११० सीसी स्कूटर आहे, दोन महिन्याखाली नवीन ४ एएच ची बॅटरी टाकली, दिवसभर सेल्फ नीट घेते पण सकाळी बटन दाबलं की नुसतं टकटक, किकवर लगेच चालू होते, गाडीत जीपीएस ट्रॅकर आणि मोबाईल चार्जर बसवलाय, उदगीरमधेच घर ते दुकान दीड-दोन किलोमीटर चालते, आणि गॅरेजवाला म्हणायलाय बॅटरी गेली, दुसरी टाका. दुसरी बॅटरी आत्ता घेऊ नका. मी लातूरला ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, रोज अशा गाड्या येतात, बॅटरीवर बॅटरी टाकून थकलेली माणसं आणि मूळ बिघाड जिथल्या तिथंच.

सोपं आहे, बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा, टाकी भरायली नाही (चार्जिंग नाही) का टाकी गळायली (गाडी बंद असताना करंट जायलाय) हे आधी कळलं पाहिजे, आणि लातूरकडच्या माणसाला टाकीचं वेगळं सांगायची गरज नाही. हे कळायला एक डिजिटल मल्टिमीटर लागतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशेला मिळतो तो चालतोय. फक्त त्याच्या आतला सेल नवीन असू द्या, सेल उतरला की हे स्वस्तातले मीटर आकडा वाढवून दाखवतात आणि मंग चार्जिंग जोरात चाललंय असं वाटतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. बॅटरी काही गाड्यात पायाखालच्या फायबरखाली असते तर काहीत सीटखाली. टोक थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबाला लावा, वायरच्या थिंबलला (वायरच्या टोकाची धातूची कडी) नाही, का ते पुढं सांगतो.

पहिला आकडा सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी. रात्री गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, तेव्हा १३ पण दिसतंय आणि ते खोटं असतं, वरवरचं चार्ज उतरायला काही तास जातात. सकाळी १२.६ ते १२.८ असलं तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ म्हणजे लई खाली, ११.८ च्या खाली गेली तर रिकामीच धरा. चार्जिंगला लावूनसुद्धा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर आतल्या सहा सेलपैकी एक मेलाय, एका सेलचे दोन व्होल्टच्या वर असतात तेवढेच कमी दिसतात, तिथं मात्र गॅरेजवाला बरोबर.

दुसरा आकडा सेल्फ मारताना, आणि टकटक कशाची हे इथंच कळतं. दुसऱ्या माणसाला दोन-तीन सेकंद बटन दाबायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. आकडा ७-८ वर पडला आणि टकटक झालं तर बॅटरीत दम नाही (रिकामी आहे नाहीतर खराब आहे, हे अजून ठरलेलं नाही). पण आकडा १२.३ वरच राहिला आणि तरी टकटकच येतंय तर बॅटरीचा काही दोष नाही, करंट मोटरपर्यंत पोचतच नाही, सेल्फच्या रिलेचे (मोटरला करंट सोडणारा स्विच) पॉइंट जळालेत नाहीतर मोटरचे कार्बन (आतले झिजणारे ब्रश) संपलेत नाहीतर जाड वायर ढिली. असल्या गाडीत कितीबी बॅटऱ्या टाका. चांगल्या बॅटरीचा आकडा सेल्फ फिरताना साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको.

तिसरा आकडा चार्जिंगचा. त्याच्या आधी बॅटरी एकदा बाहेर चार्ज करून घ्या, कारण रिकामी बॅटरी येईल तेवढा करंट पिऊन घेते आणि आकडा खाली ओढते, मंग चांगली गाडी पण चार्ज करत नाही असं दिसतंय. गाडी मोकळ्या जागेत मेन स्टँडवर, मागचं चाक फिरणार तर पोरं लांब, ओढणी-साडीचा पदर लांब. चालू करून आयडलला बघा, मग हळूहळू अर्धी रेस द्या. आयडलला १३ च्या आसपास आणि रेसवर १३.५ ते १४.५ मधे येऊन थांबलं तर चार्जिंग ठणठणीत, मॅग्नेट कॉइलला (इंजिनवर वीज तयार करणारी) आणि आरआरला (रेग्युलेटर-रेक्टिफायर, त्या विजेचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) कुणाला हात लावू देऊ नका. रेस देऊनही १२.५ च्या पुढं सरकतच नसेल तर चार्जिंग होत नाही. आणि १५ च्या वर चाललं तर आरआर युनिट गेलंय, बॅटरी फुगणार आणि बल्ब उडत राहणार, त्याच्यात दिवस घालवू नका.

हेडलाइट रेसबरोबर वाढतोय म्हणजे चार्जिंग चालू आहे असं लई जण सांगतात, ते धरू नका. कित्येक कार्बोरेटरच्या स्कूटरमधे हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतोय, बॅटरीची वाट वेगळी. होंडाच्या जुन्या चार पिनच्या आरआरला बघा, पांढरी वायर चार्जिंगची, पिवळी लाइटची, लाल बॅटरीकडं, हिरवी अर्थ. पांढरी तुटली तरी हेडलाइट झकास लागतो. एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांना हेडलाइट कायम चालू झाला त्यामुळं तर माणसाला वाटतंय सगळं नीट आहे.

समजा चार्जिंग होत नाही असंच निघालं. तरी लगेच कॉइल बदलायला पळू नका. आधी फ्यूज, मग थिंबल. थिंबल आणि खांबाच्या मधे पांढरी-हिरवी बुरशी धरते, पायाखालची बॅटरी असली आणि गाडी प्रेशरने धुतली की जास्तच, आणि तो थर करंट अडवतो. म्हणून वर म्हणलं मीटर खांबाला लावा. एकदा खांबाला मोजा, एकदा थिंबलला, फरक दिसला तर चोर सापडला, पॉलिश पेपरने घासा, आवळा, वरून थोडं व्हॅसलिन. मग अर्थ बघा, गाडी चालू ठेवून काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थची वायर नाहीतर तिचा बोल्ट गंजलाय. तसंच आरआरच्या लाल वायरीपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, रेसवर, तिथं पण ०.२-०.३ च्या आत पाहिजे. आरआरचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) काढून नाकाला लावा, जळका वास आला आणि प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असलं तर पिना तापायल्यात, पिना बदलून काम होतंय. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यात आरआर-कॉइल जळण्यापेक्षा कपलर आणि अर्थच जास्त निघतात, पण शंभर-दीडशेच्या कामात कुणाचं मन रमत नाही.

कॉइलचं थोडक्यात सांगतो कारण ते तुम्ही घरी करालच असं नाही. कॉइलचा कपलर सोडवायचा, मीटर एसी २०० वर, गाडी चालू करून कॉइलकडच्या वायरीत मोजायचं, रेसबरोबर आकडा चढत गेला पाहिजे, आयडलला १५-२० असला तर रेसवर ४०-५० कडं जातोय, गाडीप्रमाणं कमीजास्त. हात लावू नका, झटका बसतो. एसी चढतोय आणि वायरिंग नीट आहे तरी बॅटरीला १३.५ येत नाही म्हणजे आरआर. एसीच चढेना तर कॉइल. आता एक घोळ, तीन पिवळ्या वायरीच्या कॉइलमधे एक जरी वायर बॉडीला कंटिन्युटी (म्हणजे आतून जोडलेली) दाखवली तर कॉइल जळाली, पण जुन्या साध्या कॉइलचं एक टोक कंपनीनंच अर्थ केलेलं असतं, तिथं कंटिन्युटी येणारच, तेवढ्यावरून चांगली कॉइल फेकून देणारे मेकॅनिक आहेत.

आता तुमच्या गाडीचं. दिवसा सेल्फ घेते आणि रात्रीतून बसते, याच्यावरून मला टाकी गळायची शंका जास्त. चार्जिंगच नसतं तर दुपारपर्यंत पण टिकली नसती. ट्रॅकर आणि चार्जर बसवणारानं सोपं म्हणून थेट बॅटरीवरून वायर घेतली असणार, म्हणजे चावी बंद असली तरी दोन्ही चालूच. तपासायचं असं, चावी बंद, बॅटरीची मायनस वायर काढा, मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घालून अँपिअरवर ठेवा, आणि मीटर काढलेली वायर आणि मायनसचा खांब यांच्या मधे लावा. मीटर असा मधे असताना बटन चुकूनही दाबू नका, मीटर जातो. आकडा अगदीच कमी असला तर मिलीअँपिअरवर घ्या. काही न बसवलेल्या स्कूटरला एक-दोन मिलीअँपिअरच्या वर काही दिसायला नको. समजा तुमच्याकडं ५० मिलीअँपिअर निघालं. रात्रीच्या १२ तासात ०.६ एएच गेले, ४ एएच च्या बॅटरीचा सातवा हिस्सा. भरलेल्या बॅटरीला एवढ्याचं काही वाटत नाही, पण तुम्ही दिवसाला दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारायलात, दरवेळी सेल्फ, ब्रेकलाइट, हॉर्न, त्यात गेलेलं काही परत भरत नाही. मंग रोज थोडी थोडी खाली येत जाते आणि सात-आठ दिवसात सकाळची टकटक सुरू. नुसती उभी ठेवली तर ४ एएच ची भरलेली बॅटरी सुद्धा ८० तासात पूर्ण रिकामी, आणि सेल्फ त्याच्या लई आधी बंद.

आकडा जास्त आला तर मीटर तसाच ठेवून आधी चार्जरची वायर काढा, मग ट्रॅकरची, कुणी काढल्यावर आकडा पडतोय ते बघा. चार्जर चावीच्या लाइनवर घ्या, मधे छोटा फ्यूज टाकून. ट्रॅकर चोरीसाठीच असतो म्हणून तो थेट ठेवावा वाटत असेल तर त्याला स्वतःची बॅटरी आहे का बघा, असली तर तोही चावीवर घेतला तरी चालतोय. दोन्ही काढूनही आकडा उतरेना तर चावीचा स्विच नाहीतर आरआर आतून गळतोय, आरआरचा कपलर सोडवून परत मोजा.

दोन गोष्टी करू देऊ नका कुणाला. एक, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून गाडी बंद पडते का बघायची ही जुनी मेकॅनिकची परीक्षा. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळी मारतं, आरआर, एलईडी, गाडीचा स्पीडोमीटर काही पण जाऊ शकतं, आणि फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च. ज्या नव्या गाड्या आवाज न करता चालू होतात त्यात मॅग्नेटच सेल्फ मोटरचं काम करतोय आणि चार्जिंग ईसीयूच्या ताब्यात असतं, तिथं माझी वरची कॉइलची तपासणी पण करू नका. दुसरं, ही छोटी बॅटरी ट्रॅक्टरच्या नाहीतर इन्व्हर्टरच्या चार्जरला लावायची नाही. ४ एएच ला ०.४ अँपिअरनी दहा-बारा तास, एवढंच. पाच अँपिअर देऊन तासात गरम करून देतात आणि मग म्हणतात कंपनीचा मालच हलका आला. आधीच आपल्याकडं एप्रिल-मेमधे ४२-४३ डिग्री, आणि दर १० डिग्री वाढीला शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतंय, म्हणून दुकानासमोर दिवसभर उन्हात उभी करत असाल तर जागा बदला. सीलबंद बॅटरीत पाणी टाकायचा प्रश्नच नाही, झाकण उचकटून बोरचं पाणी घालणारे पण बघितलेत.

तीन आकडे आणि गळतीचा चौथा एवढं घेऊन कागदावर लिहा आणि मगच गॅरेजला जा. बॅटरी खरंच खराब निघाली तर ती दोन महिन्याची आहे, वॉरंटीत बसायला पाहिजे, जिथून घेतली तिथं लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून दम बघायचं यंत्र) लावायला सांगा, नुसतं व्होल्ट बघून परत पाठवू देऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का ते आजच बघा, नसला तर बिल घेऊन जाऊन आधी तो मारून घ्या.