चेस्की क्रुमलोव: नदीच्या वेढ्यात राहून गेलेले गाव

आपला प्रश्न असा आहे की, सप्टेंबरमध्ये कामानिमित्त प्रागला जायचे आहे, एक-दोन दिवस मोकळे मिळतील, तर चेस्की क्रुमलोव या गावी जावे का, त्याचा इतिहास काय आणि तेथे नेमके काय पाहावे. मी काही वर्षे प्रागमध्ये नोकरीला होतो आणि त्या काळात तीन वेळा क्रुमलोवला गेलो. दोनदा भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन भर उन्हाळ्यात आणि एकदा एकटा, नोव्हेंबरात. हे गाव मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या तिसऱ्या खेपेस, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम नावाविषयी. लिहिताना शेवटी 'व' असला तरी चेक लोक तो 'फ'कडे झुकणारा उच्चारतात. तिकीट काढताना 'क्रुमलोफ' म्हटले की समोरच्याला चटकन कळते. हे नाव मुळात जुन्या जर्मन भाषेतले असून त्याचा अर्थ 'वाकडे कुरण' असा होतो. नकाशा पाहिला की हे नाव का पडले ते वेगळे सांगावे लागत नाही. शुमावा डोंगरात उगम पावून पुढे प्रागमधून वाहणारी व्लतावा नदी येथे एवढी घट्ट वळणे घेते की जुने गाव जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढले जाते आणि जमिनीशी जोडणारी एक अरुंद मानच काय ती उरते. समोरच्या काठावर उभा खडक आहे. त्या खडकावर किल्ला आणि खाली नदीच्या कुशीत वस्ती, ही मांडणी कोणा राजाने ठरवलेली नसून नदीने ठरवलेली आहे. मोरेव्हिया प्रांतातही एक क्रुमलोव असल्यामुळे ओळखीसाठी या गावामागे 'चेस्की', म्हणजे बोहेमिया या चेक देशाच्या पश्चिमेकडील प्रांताचे, असे विशेषण लागले.

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख १२५३ सालचा आहे. तो बांधला वीत्कोव्त्सी नावाच्या सरदार घराण्याने. या घराण्याची क्रुमलोवमधील शाखा १३०२ मध्ये निर्वंश झाली आणि किल्ला त्याच कुळातील रोझम्बेर्क शाखेकडे आला. पुढची तीनशे वर्षे क्रुमलोव म्हणजे रोझम्बेर्क हेच समीकरण होते. दक्षिण बोहेमियात त्यांचा दबदबा इतका होता की १३९४ मध्ये खुद्द बोहेमियाचा राजा चौथा वेन्सेस्लास याला बंडखोर सरदारांनी पकडले, तेव्हा काही काळ याच किल्ल्यात डांबून ठेवले होते. पाच पाकळ्यांचा गुलाब हे त्यांचे चिन्ह आजही गावात जागोजागी दिसते आणि दर जूनमध्ये त्याच नावाने गावात मोठा उत्सव भरतो. पुढे या घराण्याने आपले मूळ इटलीतील ओर्सिनी या प्रतिष्ठित कुळाशी नेऊन भिडवले. त्याला आधार असा काही नव्हता. पण सत्ता आली की वंशावळीला प्राचीन मूळ चिकटवण्याची हौस सर्व देशांत सारखीच असते. इटालियन भाषेत अस्वलीला 'ओर्सा' म्हणतात, म्हणून अस्वल हे त्या नात्याचे प्रतीक ठरले. किल्ल्याच्या खंदकात आज अस्वले पाहून पर्यटक जे चकित होतात, त्यांची कुळकथा ही अशी आहे.

रोझम्बेर्कांपैकी विलेम (१५३५–१५९२) याने गावाला आजचे रूप दिले. त्यापूर्वी किल्ल्याच्या पायथ्याची लात्रान ही वस्ती आणि नदीच्या वेढ्यातील आतले गाव या दोन स्वतंत्र वसाहती होत्या. १५५५ मध्ये त्याने त्या एक केल्या. इटालियन पद्धतीची कमानदार अंगणे, भिंतींवरील चित्रे, गिलाव्यावर खरवडून काढलेली नक्षी, हे सारे त्या काळातले आहे. येथील पुष्कळ घरांवर दिसणारे घडीव दगड प्रत्यक्षात दगड नसून चितारलेले आहेत, हे जवळ गेल्याशिवाय लक्षात येत नाही. विलेमने चार विवाह केले, पण त्याला मूल झाले नाही. त्याच्यामागून आलेला धाकटा भाऊ पेत्र वोक कर्जात बुडाला आणि १६०१ मध्ये त्याने क्रुमलोव सम्राट दुसरा रुडॉल्फ याला विकून टाकले.

यानंतरचा प्रसंग गावाने कधी विसरू दिलेला नाही. रुडॉल्फने आपला अनौरस मुलगा डॉन यूलियस याला या किल्ल्यात आणून ठेवले. त्याला वेडाचे झटके येत. गावातील न्हाव्याची मुलगी मार्केता पिख्लेरोवा ही त्याच्याकडे राहू लागली. एकदा त्याने तिच्यावर वार करून तिला खिडकीतून खाली फेकले, तरी ती वाचली आणि आईवडिलांकडे लपून राहिली. तेव्हा त्याने तिच्या वडिलांना कैद केले आणि मुलगी परत न दिल्यास त्यांना ठार मारण्याची धमकी दिली. अखेर मुलगी किल्ल्यात परत गेली आणि फेब्रुवारी १६०८ मध्ये त्याने तिची अत्यंत क्रूर हत्या केली. सम्राटाने मुलाला तेथेच कोंडून ठेवले. पुढच्याच वर्षी तो मेला. आतले गाव आणि लात्रान यांना जोडणाऱ्या लाकडी पुलाला आजही न्हाव्याचा पूल म्हणतात. गावातील सर्वांत जास्त छायाचित्रे बहुधा याच पुलावर काढली जात असतील, आणि काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मार्केता ठाऊक असते.

१६२२ मध्ये किल्ला एगेनबेर्ग घराण्याला बक्षीस मिळाला आणि १७१९ मध्ये वारशाने श्वार्झेनबेर्ग घराण्याकडे गेला. माझ्या मते गावाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यानंतर घडली, आणि ती म्हणजे फारसे काही घडलेच नाही. श्वार्झेनबेर्गांच्या जहागिरी अनेक होत्या. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपला सारा खर्च आणि हौस ह्लुबोका येथील वाड्यावर ओतली. त्याचे त्यांनी इंग्लंडमधील विंडसरच्या धर्तीवर आमूलाग्र नूतनीकरण केले. क्रुमलोव मागे पडले, म्हणून ते पाडून नव्याने बांधावे असे कोणाला वाटले नाही. जुने सामानही कोणी फेकून दिले नाही.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा म्हणजे किल्ल्यातील नाट्यगृह. एगेनबेर्गांनी १६८० च्या सुमारास ते उभारले आणि १७६५–६६ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. रंगमंच, रंगवलेले पडदे, पाखे (म्हणजे बाजूच्या विंगा), पोशाख आणि लाकडी यंत्रणा हे सर्व एकाच ठिकाणी टिकून राहिलेले असे अठराव्या शतकातील नाट्यगृह युरोपात फार दुर्मीळ आहे. स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोम हे त्याच्या तोडीचे. रंगमंचाच्या खाली तळघरात एक मोठा आडवा रहाट आहे. तो माणसांनी फिरवला की दोरखंडांनी जोडलेले दोन्ही बाजूंचे पाखे खाचांमधून एकाच वेळी सरकतात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत काही सेकंदांत राजवाड्याचे अरण्य होते. मेघगर्जना, वारा आणि पाऊस यांच्या आवाजासाठीही वेगळी लाकडी यंत्रे आहेत. १९६६ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालेले हे नाट्यगृह १९९७ मध्ये पुन्हा उघडले. मराठी माणसाला नाटकाचे वेड असतेच, त्यामुळे हे तळघर पाहताना माझा पाय तेथून निघेना. आमच्या मार्गदर्शक बाईंना दोनदा मागे वळून मला बोलवावे लागले.

विसाव्या शतकात मात्र गावाने बरेच सोसले. येथील बहुसंख्य रहिवासी जर्मन भाषक होते. म्युनिक करारानंतर १९३८ मध्ये हा भाग हिटलरच्या जर्मनीत गेला, मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येथे पोहोचले आणि त्यानंतर जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. रिकाम्या घरांत दुसरीकडून आणलेली माणसे राहू लागली, किल्ला सरकारजमा झाला आणि समाजवादी राजवटीत पुष्कळ जुनी घरे पडायला आली. १९८९ च्या सत्तांतरानंतर डागडुजी सुरू झाली आणि १९९२ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ऑगस्ट २००२ च्या महापुरात आतले गाव पाण्याखाली गेले, पण त्यातून ते लवकर सावरले.

चित्रकलेत रुची असेल तर ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले याच्या नावाने १९९३ मध्ये जुन्या मद्यभट्टीच्या इमारतीत उघडलेले कलाकेंद्र अवश्य पाहावे. शीलेची आई याच गावची. १९११ मध्ये तो आपली सखी वाली हिच्यासह येथे राहायला आला, परंतु लग्नाविना एकत्र राहणे आणि विवस्त्र चित्रे काढणे गावकऱ्यांना रुचले नाही आणि काही महिन्यांतच त्याला निघून जावे लागले. आज त्याच्याच नावावर गावात पर्यटक येतात.

किल्ल्याविषयी थोडे सांगतो. आपल्याकडे जसा किल्ला वेगळा आणि वाडा वेगळा, तसाच भेद चेक भाषेतही 'ह्राद' आणि 'झामेक' या शब्दांनी केला जातो. येथे एकाच खडकावर दोन्ही आहेत. सुमारे चाळीस इमारती आणि पाच अंगणे असलेला हा परिसर देशात प्रागच्या किल्ल्याखालोखाल मोठा मानला जातो. गोल रंगीत मनोरा चढून जावा. १६२ पायऱ्या आहेत आणि वरून नदीचा वेढा पूर्ण दिसतो. आतल्या दालनांत मार्गदर्शकासोबतच जाता येते. त्यांत १६३८ मध्ये रोमला पोपसाठी भेटवस्तू नेण्याकरिता बनवलेली सोनेरी बग्गी आहे, आणि १७४८ मध्ये योसेफ लेडेरर याने भिंतींवर मुखवटे घातलेल्या मंडळींची गर्दी चितारलेले नृत्यदालन आहे. तेथून अनेक मजली कमानींच्या पुलावरून बागेकडे जाता येते. बागेत १९५८ पासून एक फिरते प्रेक्षागृह आहे, ज्यात रंगमंच नव्हे तर प्रेक्षकच फिरतात. कल्पना गमतीची आहे, पण बरोक शैलीच्या बागेत तो सांगाडा मला खुपतो. युनेस्कोचाही त्याला आक्षेप आहे. छळाची हत्यारे, मेणाचे पुतळे वगैरे दाखवणारी लहान संग्रहालये टाळली तरी काही बिघडत नाही.

आता आपल्या एका दिवसाविषयी. प्रागहून बसने साधारण तीन तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात होते. पण शक्य असेल तर एक रात्र तेथे राहावे. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आतल्या गल्ल्यांत सहलीच्या गटांखेरीज काही दिसत नाही. जुन्या गावात बहुतेक घरांची हॉटेले आणि भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत, त्यामुळे संध्याकाळी शेवटच्या बसेस गेल्या की अचानक सामसूम होते आणि बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. नाट्यगृह हिवाळ्यात बंद असते. सप्टेंबरमध्ये ते उघडे मिळेल, परंतु एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावे आणि बाकीचा दिवस त्या वेळेभोवती बेतावा.

दुपारी पाय दुखले की नदीकाठी बसावे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रोझम्बेर्क गावाच्या बाजूने लहान होड्या आणि रबरी तराफे घेऊन आलेली मंडळी येथील बंधाऱ्यांच्या लाकडी घसरंडीवरून खाली येतात, काही उलटतात, आणि काठावरचे लोक मनापासून टाळ्या वाजवतात. या देशाला समुद्र नाही, तरी होडीतली माणसे एकमेकांना खलाशांसारखी 'आहोय' अशी हाक देतात. काठावरून आपणही तशीच हाक दिली, तर उत्तर नक्की येते.