फायनान्सची डबल डिग्री की स्पेशलायझेशन?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी कॉमर्स ग्रॅज्युएट, दीड वर्ष ऑडिट फर्ममध्ये काम केलंय. आता एमबीए फायनान्सला ॲडमिशन मिळतेय. तिथे सांगतायत की अजून एक वर्ष दिलं तर त्यासोबत एमएस फायनान्सची डिग्री पण मिळेल, नाहीतर एमबीएतच रिस्क मॅनेजमेंटमध्ये स्पेशलायझेशन करता येईल. घरचे म्हणतात दोन डिग्र्या म्हणजे दुप्पट फायदा. मी पार गोंधळलोय, काय करू?

उत्तर: दुप्पट फायद्याचा हिशोब मला अजिबात पटत नाही हे आधीच सांगते. कारण एमबीए फायनान्स आणि एमएस फायनान्स दोन्हीकडे बराचसा सिलॅबस तोच असतो, कॉर्पोरेट फायनान्स, व्हॅल्युएशन, डेरिव्हेटिव्हज, मग ते वर्षभर जास्त बसून तुम्ही नवीन काय शिकणार? आणि त्या वर्षाची फी तर जातेच पण वर्षाचा पगारही जातो, तो कोणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही. पहिल्याच सेमिस्टरला एनपीव्ही, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा खर्च, शिकवतात ना, तोच इथे काढून बघा.

डबल डिग्रीला माझा विरोध नाही हं. दुसरा विषय खरंच वेगळा असेल तर तिची किंमत फार मोठी आहे. लॉचं बघा. अमेरिकेत जेडी, म्हणजे तिथली लॉची डिग्री, तीन वर्षांची आणि एमबीए दोन, वेगवेगळं केलं तर पाच वर्षं, पण हार्वर्डला दोन्ही मिळून चार वर्षांत होतं आणि नॉर्थवेस्टर्नला तीन, कारण एका डिग्रीचे काही क्रेडिट दुसरीतही धरले जातात. मर्जर-ॲक्विझिशनमध्ये काम करायचं असेल तर व्हॅल्युएशनही कळतं आणि कॉन्ट्रॅक्टही स्वतः वाचता येतं असा माणूस लागतोच, आणि वकिलीची परीक्षा द्यायला बहुतेक ठिकाणी लॉची डिग्रीच लागते, तिथे कुठलंही स्पेशलायझेशन कामाला येत नाही. मॅथ्सचंही तसंच, क्वांट, म्हणजे फायनान्ससाठी गणिती मॉडेल बनवणारा, व्हायचं तर स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (अनिश्चित बदलांचं गणित) आणि प्रोग्रॅमिंग नीट यायलाच हवं, एमबीएच्या दोन इलेक्टिव्हमध्ये ते होत नाही.

तुमच्या केसमध्ये तरीही डबलकडे ओढा असेल तर ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा: किती क्रेडिट दोन्हीकडे धरणार? समजा एमबीएचे 60 आणि एमएसचे 36 असतील आणि एकत्र 90 करावे लागत असतील तर सूट फक्त सहाचीच मिळतेय. सर्टिफिकेट दोन मिळणार की दोन्ही नावं असलेलं एकच? मधेच सोडलं तर एमबीए तरी हातात येईल का? आणि हे बहुतेक जण विसरतात, प्लेसमेंटला तुम्ही कुठल्या बॅचबरोबर बसणार? कारण तीन वर्षांच्या कोर्समध्ये इंटर्नशिपसाठी दोन सुट्ट्या मिळत असतील तर माझ्या मते तो एमएसच्या कागदापेक्षा मोठा फायदा आहे, एकदा बँकेत आणि एकदा ॲसेट मॅनेजमेंटमध्ये काम करून बघता येतं.

आता स्पेशलायझेशन. हे म्हणजे साधारण चार-पाच इलेक्टिव्ह, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचं नाव डिग्रीवर येतच नाही, फक्त मार्कशीटवर दिसतं. म्हणून नावाला भुलू नका, विषयांची यादी बघा. मी बरेच इंटरव्ह्यू घेतलेत. एका मुलाच्या सीव्हीवर रिस्क मॅनेजमेंट ठळक अक्षरात होतं. मी साधं विचारलं, बाँडची ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते याचं माप) पाच आहे, व्याजदर एक टक्क्याने वाढला, किमतीचं काय होईल? तो व्याख्या सांगत बसला. किंमत साधारण पाच टक्क्यांनी पडेल, कॉन्व्हेक्सिटीमुळे, म्हणजे किंमत आणि व्याजदराचं नातं सरळ रेषेत नसल्यामुळे, घसरण पाचपेक्षा थोडी कमी, एवढंच हवं होतं हो. मुलगा हुशार होता, मला फार वाईट वाटलं, पण एक ना धड भाराभर चिंध्या असा तो सीव्ही झाला होता.

तुम्हाला ऑडिटचा अनुभव आहे, ताळेबंद वाचता येतो, कंट्रोल्स कुठे ढिले पडतात हे तुम्ही पाहिलंय. तुम्ही एमबीए आणि रिस्कच घ्या, त्यात क्रेडिट रिस्कचे, म्हणजे कर्ज बुडण्याच्या धोक्याचे, विषय आधी निवडा.

प्रश्न: ताई, मी एमएस फायनान्सला आहे. सोबत सीएफए करावं की एफआरएम?

उत्तर: दोन्ही, म्हणजे गुंतवणुकीच्या विश्लेषणाचं सीएफए आणि रिस्कचं एफआरएम ही सर्टिफिकेट, एकदम नको. रिस्कमध्येच जायचं पक्कं असेल तर एफआरएम, त्याचे दोनच पार्ट आहेत. पोर्टफोलिओ किंवा रिसर्चकडे कल असेल तर सीएफए, तीन लेव्हल्स, आणि 2025 पासून तिसऱ्या लेव्हलला पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, प्रायव्हेट वेल्थ किंवा प्रायव्हेट मार्केट्स यातला एक मार्ग निवडता येतो, म्हणजे स्पेशलायझेशन तिथेही आलंच. फक्त तिन्ही लेव्हल्स पास झालं की लगेच चार्टर (नावापुढे सीएफए लावायचा हक्क) मिळतं असं समजू नका, किमान 36 महिन्यांत मिळून 4,000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. कोर्सच्या पहिल्या सेमिस्टरला परीक्षा लावू नका, तेव्हा इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू सुरू असतात आणि ते जास्त महत्त्वाचे आहेत.