शिखरावरची शिखरे

प्रश्न : साक्री तालुक्यातील बळसाणे येथील जुन्या देवळांना गावकरी हेमाडपंती म्हणतात, तर एका व्याख्यानात त्यांना ‘भूमिज’ म्हटले गेले. योग्य काय?
– एक वाचक, धुळे

उत्तर : ‘भूमिज’ हीच नेमकी संज्ञा. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंनी जाळीदार नक्षीची एकेक उभी पट्टी, म्हणजे लता, वर चढते आणि दोन लतांमधल्या जागेत, दादर ज्वारीच्या कणसावर दाणे बसावेत तशा, चिमुकल्या शिखरांच्या ओळी वर जाताना लहान होत जातात. सिन्नरच्या गोंदेश्वरावर ही रचना स्वच्छ दिसते. हेमाडपंत तेराव्या शतकातले, तर अंबरनाथचे भूमिज मंदिर इ. स. 1060चे आहे. चुन्याविना सांधलेला दगड दिसला की हेमाडपंती म्हणायचे, ही आपली जुनी सवय.