वाचकांचे प्रश्न : कोन फिल्टर लावला आणि पिकअप गेला

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलचा एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून थेट कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) बसवला. आता अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट बार निघतात. हवा जास्त मिळूनही ताकद का वाढत नाही?

उत्तर : हवा वाढली, पण तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. पूर्ण जोरासाठी त्याहून रिच म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण, १२.५ ते १३ ला १ लागतं. तुमचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) एअर बॉक्स धरून ठरवलेले आहेत. तो बॉक्स म्हणजे नुसता डबा नव्हे. त्यात हवेची खळबळ शांत होते आणि त्याच्या व नळीच्या मापामुळे मधल्या आरपीएमला सिलिंडर जास्त भरतो. बॉक्स गेला की तोच टॉर्क जातो. त्यात उघडा कोन इंजिनजवळची गरम, विरळ हवा ओढतो.

जेट बदलण्याआधी कोन काढून कार्ब्युरेटरचं तोंड बघा. कडेला बारीक भोकं दिसतील. त्यांतलं एक पायलट सर्किटच्या, म्हणजे आयडल आणि कमी थ्रॉटलचं मिश्रण देणाऱ्या भागाच्या, हवेचं असतं, तर सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये (ज्यात स्लाइड हा हवेची वाट उघडणारा भाग व्हॅक्यूमने उचलला जातो) डायफ्रामखाली, म्हणजे रबरी पडद्याखाली, हवा नेणारं भोकही तिथेच. कोनची रबरी कड त्यांवर आली तर स्लाइड नीट उचलत नाही, मग कितीही जेट बदला, अडखळणं राहणारच. रबर तेवढ्यापुरतं कापा.

मग मेन जेट एकेक पायरी वाढवा. त्याचा परिणाम पाऊण थ्रॉटलच्या पुढे दिसतो. तुमची तक्रार मधली आहे, म्हणजे नीडल (मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई) : तिच्यावरची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. खाचा नसतील तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाका. थ्रॉटल सोडल्यावरचे बार बहुधा पायलट लीन (पेट्रोल कमी) असल्याने येतात, पण सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत नाही ना, तेही तपासा.

शेवटी नवा प्लग लावून मोकळ्या, सुरक्षित ठिकाणी थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवा, क्लच दाबून किल स्विचने लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. प्लगच्या टोकाचा चिनी मातीचा इन्सुलेटर फिकट तपकिरी हवा. पांढराफटक म्हणजे लीन, त्यात पिस्टन जळू शकतो. काळी कोरडी काजळी म्हणजे रिच.

रोजच्या वापराच्या गाडीला आमचा सल्ला स्पष्ट आहे : बॉक्स परत बसवा आणि आत स्वच्छ फिल्टर ठेवा.

प्रश्न : फोम फिल्टर पेट्रोलने धुतला तर चालतो का?

उत्तर : नको. पेट्रोलने फोमचे चिकटवलेले जोड सुटतात, आगीचा धोका वेगळा. रॉकेलमध्ये बुडवून दाबा, पिळू नका, पिळल्याने फोम फाटतो. मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. फिल्टर ऑइल सगळीकडे मुरवून जादाचं दाबून काढा. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजतो, निळा धूर येतो. जास्त झालं तर हवा अडते. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, कारण बरीचशी धूळ कडेनेच शिरते. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र धुवायचाही नाही, हवेने फुंकायचाही नाही, बदलायचा.

प्रश्न : फ्युएल इंजेक्शनची गाडी फिल्टर बदलल्यावर आपोआप जुळवून घेते ना?

उत्तर : ऑक्सिजन सेन्सर असेल तर संथ, सारख्या वेगात, आणि तेही मर्यादेत. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा संगणक) सहसा ठरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या साठवलेल्या तक्त्यावर, चालतो. कंपनीच्या बॉक्सच्या आत बसणारा कापडी फिल्टर बहुतेक खपून जातो. उघड्या कोनसाठी मॅप बदलावाच लागेल.