सरकार आमच्या मागण्यांपैकी थोड्याच मान्य करायला तयार आहे. स्वीकाराव्यात, की पूर्ण मान्य होईपर्यंत लढावं?

स्वीकारा. पण उरलेल्या मागण्यांवर पाणी सोडतोय असं कुठेही लिहून देऊ नका.

माहिती अधिकाराच्या लढ्यात आम्ही याच वादावर रात्री जागवल्या आहेत. महाराष्ट्रात 2000 साली पहिला कायदा झाला. दात नसलेला कायदा होता. अपवाद इतके, की माहिती न देण्यासाठीच केलाय असं वाटावं. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘याखाली एकही अर्ज करायचा नाही. केला तर हा कायदा आपल्याला मान्य आहे असा अर्थ होईल.’ मी म्हटलं, करायचा. त्यावरून गट फुटायची वेळ आली.

मी दोन गावांतल्या रोजगार हमीच्या कामांचे हजेरीपट मागितले. नकारच आला, पण लेखी आला. त्याआधी ‘साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ एवढंच ऐकायला मिळायचं. आता सहीशिक्क्याचा कागद हातात होता. तो आम्ही प्रत्येक सभेत वाचून दाखवायचो: बघा, मजुराला त्याचीच हजेरी दाखवत नाहीत. कायदा कुठे लंगडा आहे हे लोकांना त्या कागदामुळे कळलं, आमच्या भाषणांनी नाही. 2002 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने नवा, बराच कडक कायदा आला. तेच हजेरीपट पुन्हा मागितले आणि मिळाले. दोन वेगवेगळ्या गावांतल्या कामांवर, एकाच आठवड्यात, तीच नावं त्याच क्रमाने! पुढे 2005 चा केंद्राचा कायदा आला आणि माहिती अडवणाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड लागू झाला. 2000 च्या कायद्याला हातच लावला नसता तर त्याची भोकं कुणी दाखवली असती?

ते सहकारी अजून म्हणतात, तो कायदा फसवणूक होता. असेल. पण बहिष्कार घालून त्यांनी एका तरी मजुराला एक तरी कागद मिळवून दिला का?

अर्थात सगळंच हप्त्याहप्त्याने घ्यायचं नसतं. 1927 मध्ये महाडला ‘चवदार तळ्यावर आठवड्यातून दोनच दिवस या’ असा तोडगा कुणी पुढे केला असता, तर तो धुडकावणंच योग्य ठरलं असतं. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क अर्धा घेता येत नाही. शिवाय मिळालेलं परतही जातं. माहिती नाकारली तर ज्यांच्याकडे दाद मागायची, त्या माहिती आयुक्तांचा 2019 च्या दुरुस्तीने कार्यकाळ आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हातात गेलं. राखण करावीच लागते.

तुमच्या मागण्या कोणत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नेमकं सांगता येत नाही. मात्र गटात ‘सगळं किंवा काहीच नाही’ म्हणणाऱ्यांना एवढं विचारा: नकार कळवल्यावर दुसऱ्या दिवशी काय करणार, कोण करणार आणि किती महिने? याचं नीट उत्तर त्यांच्याकडे असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका.