फिशमील बंद करून सोया, अळी, अझोला टाकायचंय? आधी हे वाचा

बऱ्याच जणांचं एकच विचारणं आहे, की तळ्यातल्या माशांच्या खाद्यातलं फिशमील (सुक्या माशांची पावडर) परवडत नाही आणि दुकानदार म्हणतो ते बंदच करा, सोया किंवा अळीची पावडर टाका, चालेल का. काहींना नुसत्या अझोलावर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या वनस्पतीवर, भागवायचंय.

फिशमील कमी करता येतं. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया यांना तर बरंच कमी चालतं, पण एका दिवसात शून्यावर आणायचं नाही. आधी पाव भाग बदला, मासे नीट खातायत का बघा, मग पुढे जा. बोटुकलीच्या (बोटभर पिल्लांच्या) खाद्यात हे प्रयोग करूच नका, त्यांना प्रोटीन जास्त लागतं आणि पचनही नाजूक असतं.

सोया डीओसीत (तेल काढलेल्या सोया पेंडीत) साधारण ४४ ते ४८ टक्के प्रोटीन असतं, पण मेथिओनिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी पडतं म्हणून एकट्या सोयावर भिस्त नको, सोबत दुसरी पेंड ठेवा. कच्चं सोयाबीन भरडून टाकणारेही बघितलेत, तसं अजिबात करू नका, त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रोटीन पचूच देत नाही, भाजलेलं किंवा शिजवलेलंच घ्या. भुईमुगाची पेंड चांगली, पण ढेप फोडून आत बघा, कुबट वास किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली की फेकून द्या. उन्हात वाळवून, बुरशी झटकून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जात नाही, उष्णतेनेही सहजासहजी नष्ट होत नाही. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, हात राखूनच वापरा.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी चांगली वस्तू आहे, मला आवडते. पण तिच्यात चरबी भरपूर, नुसती वाळवून दळली की पावडर तेलकट होते आणि लवकर खवट होते, त्यामुळे तेल काढलेली घ्या आणि फिशमीलच्या पाव भागाच्याच जागी ती वापरा. ओल्या अझोलात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, तो जोडीला ठीक, मुख्य खाद्य म्हणून नाही.

आता दुकानदाराचं. पोत्यावर 'क्रूड प्रोटीन' जो आकडा असतो तो खरं तर नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेला असतो, म्हणजे कोणी युरिया मिसळला तरी आकडा फुगतो आणि माशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वस्तात 'हाय प्रोटीन' मिळतंय म्हणून उचलू नका, नमुना तपासून घ्या. आणि ५० टक्के प्रोटीनचं खाद्य घ्या, मासा झपाट्याने वाढेल असं सांगतात ना, ते तर ऐकूच नका. वाढत्या कार्पला २५ ते ३० टक्के पुरतं. वरचं प्रोटीन मासा अंगी लावत नाही, जाळून टाकतो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, दुपारी पाण्याचा पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी. मग तोच दुकानदार तुम्हाला अमोनिया उतरवायचं औषध विकतो.

आता खाद्य किती टाकायचं ते, मोठ्या माशांना त्यांच्या एकूण वजनाच्या रोज २ ते ३ टक्के, अंदाजाने पोतं ओतायचं नाही. महिन्यातून एकदा जाळं टाकून थोडे मासे तोला, त्यावर हिशोब लावा. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, तेव्हा खाद्य टाकू नका, ऊन वर आल्यावर टाका. ढगाळ दिवशी निम्मं, मासे तोंड वर काढत असतील तर पूर्ण बंद.

आणि ट्रे लावा! कितीदा सांगू, चार काठ्यांना जाळीचा ट्रे बांधून थोडं खाद्य त्यात ठेवा, दोन तासांनी उचलून बघा. उरलं तर उद्या कमी, साफ असेल तर हळूहळू वाढवा. खाद्य बदलताना तर ट्रेशिवाय काहीच कळत नाही, मासा नवीन गोळी तोंडात घेऊन थुंकतोय की गिळतोय हे वरून दिसत नाही.

फीड मशीन आणि अळी युनिटच्या अनुदानाचं मत्स्य विभागात जाऊन विचारा, कोटेशन आणि तळ्याचे कागद सोबत ठेवा. मंजुरी हातात यायच्या आधी मशीन उचलू नका, आधीचं बिल सहसा धरत नाहीत.