निशिगंधाला पाने उदंड, छडी मात्र नाही

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी अंगणात निशिगंधाचे कंद लावले. पहिल्या वर्षी भरपूर छड्या आल्या, मागच्या वर्षी मोजक्याच, आणि यंदा नुसती हिरवीगार पाने आहेत. माती काळी आहे, पाणी व शेणखत नियमित देते. काय चुकत असावे?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा रोग किंवा कीड वाटत नाही; कंदांची दाटी झाली आहे. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. छडी येऊन गेली की त्याच्याभोवती पिल्ले धरतात आणि पुढचा बहर त्यांच्यापैकी जी नीट पोसली जातील त्यांच्यावरच अवलंबून असतो. बेट तीन वर्षे हलवले नाही, तर ओंजळभर जागेत एकमेकांना चिकटलेले कितीतरी बारके कंद होतात, कुणाचेच पोट भरत नाही, आणि प्रत्येक जण पाने तेवढी काढून थांबतो.

थंडीत पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बेट बाजूने, कंदांना इजा न होईल अशा बेताने उकरावे. माती झटकल्यावर मधोमध जुन्या दांड्याचा वाळका खुंट धरून असलेला सुरकुतलेला कंद दिसेल. तो पुन्हा फुलणार नाही, म्हणून खुशाल काढून टाकावा. उरलेले कंद सुटे करून दोन-तीन आठवडे सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावेत. अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जाड, टणक कंद मार्च-एप्रिलमध्ये पाच सेंटीमीटर खोल आणि वीस सेंटीमीटर अंतरावर लावावेत. बारके कंदही टाकू नयेत. ते वेगळ्या ओळीत वाढवले की पुढच्या वर्षी कामी येतात.

माळव्याची काळी माती कसदार खरी, पण पावसाळ्यात तिच्यात पाणी धरून राहते आणि कंद कुजतात. त्यासाठी वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करावा. युरियाचा हात आखडता घ्यावा, कारण त्याने पानेच माजतात. शिवाय शेजारचे एखादे झाड या तीन वर्षांत पसरून वाफ्यावर सावली धरू लागले आहे का, तेही पाहावे. निशिगंधाला निदान सहा तास ऊन हवेच. फुले संपल्यावर हिरवी पाने कापण्याची घाई करू नये, कारण पुढचा कंद त्यांच्याच जोरावर भरतो.

नवे कंद घ्यायचे झाल्यास सुवासासाठी एकेरी फुलांचे वाण घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या वाणांपैकी ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ एकेरी आहेत, तर ‘सुवासिनी’ दुहेरी असून फुलदाणीत अधिक शोभते.

प्रश्न : काश्मीरहून आणलेले ट्यूलिपचे कंद इंदुरात फुलतील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : एकदा फुलवता येतील. ट्यूलिपला फुलण्यापूर्वी सुमारे बारा आठवड्यांची सलग थंडी लागते आणि आपल्या हिवाळ्यात ती मिळत नाही. सप्टेंबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. त्या कप्प्यात सफरचंदे वा केळी ठेवू नयेत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. डिसेंबरमध्ये कुंडीत लावावेत. दुसऱ्या वर्षी त्याच कंदांकडून फुलांची अपेक्षा धरू नये. दरवर्षी फुलणारे काही हवे असेल, तर ऑक्टोबरमध्ये ग्लॅडिओलस लावावा. अडीच-तीन महिन्यांत त्याचे दांडे फुलू लागतात.